शेवंतीवहिनीची कळशी

सुदेश, तो डिझेलचा ड्रम तिथून उचल. बोअरवेलच्या पायाशी काय ठेवलायस? आधी उचल, मग बस. जनरेटर नंतर चालू कर, लिफ्टवाचून कोणी मरत नाही. अख्ख्या विठ्ठलवाडीत अंधार आहे, आपल्याकडे पण असू दे थोडा वेळ.

काय म्हणालास? "काका, झाकण टाइट आहे, वासपण येत नाय." हां. वासपण येत नाही. असंच म्हणायचा एक जण. बस इथे कट्ट्यावर, सांगतो. सोनल, तू पण ये, आणि ती मोबाईलची बॅटरी बंद कर, डोळ्यांवर येते.

आता मी काही भुताखेतांचा माणूस नाही. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा मी गोड लागतो म्हणून खातो, हे तुझ्या आईला विचार. पण हे मला दामाजी भोईरने स्वतः सांगितलंय. आणि शेवटचं जे आहे ना, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

दामाजी माझ्याबरोबर डोंबिवलीच्या कंपनीत होता. तो आगरी, मी साताऱ्याकडचा. त्याच्या डब्यात सुकटीची चटणी, माझ्या डब्यात पिठलं, आणि रोज अदलाबदल. रिटायर झाल्यावर तो आपल्या गावी राहिला, खडवलीच्या पलीकडे. गावाच्या टोकाला एकटं घर, मागे शेत, आणि शेताच्या कडेला बापाने खणलेली विहीर.

गेल्या आषाढातली गोष्ट. दिव्यांची अवस गुरुवारी होती. ही आदली रात्र, बुधवारची. दामाजी संध्याकाळी खडवली स्टेशनला बाजाराला गेलेला. गूळ, वाती, दिव्यांसाठी कणीक, एवढंच आणायचं होतं. दुकानात उभा असताना जयेशचा फोन आला. जयेश त्याचा मुलगा, कल्याणला राहतो. म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी आम्ही तिघं येतोय. गेल्या वर्षी आईचा दिवा पाण्याला टेकला नाही. यंदा चिमीच्या हातून टेकवू. तिला सांगितलंय मी, आजीचा दिवा तू सोडायचा."

चिमी म्हणजे नात. विहिरीच्या कठड्याला जिचं नाक पोचतं, एवढी.

दामाजी म्हणाला, "कशाला रे, पावसापाण्याचं? घरातच लावू की दिवा." जयेश म्हणाला, "बाबा, आईचा दिवा आहे." आणि फोन ठेवला. दामाजी गुळाची पुडी हातात धरून तिथेच उभा राहिला. दुकानदाराने दोनदा विचारलं, अजून काय पाहिजे.

तो का उभा राहिला, ते कळायला तुम्हाला शेवंतीवहिनी कळायला पाहिजे.

शेवंतीवहिनी त्याची बायको. घरात नळ आला, तरी ही बाई पाणी आणणार त्या विहिरीचंच. लग्नात माहेरून आलेली तांब्याची कळशी होती तिची, गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, शेवंती. दिव्यांच्या अवसेला त्यांच्या घरची एक रीत होती. घरातले सगळे दिवे आदल्या दिवशी चिंच लावून घासायचे. अवसेला तिन्हीसांजेला पहिला दिवा घरात नाही लावायचा, तो विहिरीचा. कळशीच्या तोंडावर ताटली ठेवायची, ताटलीत कणकेचा दिवा, आणि दोराने कळशी हळूहळू खाली सोडायची. दिवा पाण्याला टेकला की कळशी कलते, दिवा विझतो, कळशी भरते. ती भरलेली कळशी वर ओढून देवापुढे ठेवायची. मग घरातले दिवे. वर्षभर पाणी दिलंस, घे बाई, आधी तुझा उजेड. मी एकदा बघितलंय ते, फार सुंदर दिसायचं. खोल काळोखात तो एवढासा दिवा उतरत जायचा.

तर या वहिनीचं कोरोनात नाक गेलं. ताप गेला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. दूध नासलंय का, डाळ लागलीय का, काही कळायचं नाही तिला. मग ती काय करायची? प्रत्येक वस्तू उचलायची आणि दामाजीच्या नाकाखाली आणून धरायची. "अवो, वास येतो का?" दुधाचं पातेलं, भाताचं भांडं, बाजारातली मासळी. हा पेपर वाचत बसलेला, मध्येच नाकाखाली बोंबील. आम्ही हसायचो. मी म्हणायचो, वहिनी, याचं नाक एवढं चांगलं असतं तर कंपनीत प्रमोशन मिळालं असतं. ती म्हणायची, "भावजी, माझं नाक आता यांच्याच तोंडावर हाय."

असं सगळं त्याच्यावर टाकून होती बघा.

मग आला बाबुराव. इकडचाच व्यापारी. रंगवाल्यांना, फर्निचरवाल्यांना थिनर पुरवायचा. त्याला माल ठेवायला जागा पाहिजे होती, लोकांच्या आणि सरकारच्या नजरेआड. दामाजीने विहिरीशेजारचा तुकडा भाड्याने दिला. भाडं जयेशच्या फ्लॅटच्या हप्त्याला जायचं. बाबुरावने काय केलं, एका भंगारातल्या टँकरची टाकी आणली, खड्डा खणला, त्यात पुरली, थिनर भरलं, आणि वर आणखी ड्रम रचले. अरे, आमच्या कंपनीत असल्या मालाखाली पक्कं सिमेंट असायचं, भोवती कठडा असायचा, परवाना असायचा, तपासणीला माणूस यायचा. आम्ही त्या माणसाला मागून शिव्या द्यायचो. इथे काहीच नाही. गंजकी टाकी, खाली माती, आणि मातीत ते झिरपणारच.

आडात आहे तेच पोहऱ्यात येणार. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी वहिनी कळशी घेऊन आली. पाण्यावर तिला कसली तरी तेलकट चकाकी दिसली. तिने कळशी नाकाखाली धरली. "अवो, वास येतो का?"

येत होता. दामाजी मला म्हणाला, "महिपत, डोकं भणाणलं माझं. कंपनीत उभं राहिल्यासारखं वाटलं." पण हो म्हटलं तर ही बाई त्याच दिवशी टाकी उपटून काढायला लावणार, हे त्याला माहीत. पोराचा हप्ता चुकणार. त्याने विचार केला, बाबुरावला सांगून हळूच दुरुस्त करून घेऊ. प्यायला नळाचं पाणी आहेच. तो तिला म्हणाला, "नाय गं. नळाचंच पी पण, पाऊस हाय." आणि हिने मान डोलावली. नाक त्याच्याकडेच होतं ना तिचं.

बाबुराव आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला. आणि दिव्यांची अवस आली.

थिनर पाण्यावर तरंगतं. त्याची वाफ विहिरीत कोंडून राहते, डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्योत लागली की पेटते. दामाजीला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला आठवलं नाही, एवढंच. तो ओट्यावर बसून वाती वळत होता. वहिनीने कळशीवर दिवा ठेवला, वाकली, दोर सोडायला लागली. दिवा अर्ध्यात पोचला असेल.

एकच भडका. विहिरीच्या तोंडातून वर आला. दोर सुटला, कळशी तळाला गेली. आणि वहिनी... असो.

ती हॉस्पिटलमध्ये काही दिवस होती. पोलीस जबाब घ्यायला आले. दामाजी म्हणाला, दिव्यावर वाकताना पदर पेटला. खरं सांगितलं असतं तर पोराला कळलं असतं की आईला बापाने घालवली. बाबुरावने रातोरात वरचे ड्रम हलवले, म्हणाला, खालची टाकी रिकामीच आहे, आणि वर मुरूम पसरला. सगळ्यांनी पदराचं मान्य केलं. का नाही करणार? वहिनीने स्वतः मान्य केलं. एका संध्याकाळी तिने दामाजीला जवळ बोलावलं. बोलता येत नव्हतं नीट. "अवो, पान्याला वास येत होता का?" आणि हा तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "नाय."

मग तिने जयेशला बोलावलं. म्हणाली, "माझीच चूक रे. पदर खोचायला पायजे होता. तुमाला सगल्यांना तरास दिला. माफ कर." दुसऱ्या दिवशी ती गेली.

सोनल, रडू नको गं. अजून आहे.

तर वर्ष झालं. विहिरीवर पत्रा टाकलेला, त्यावर दगड. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तसा वास दबला. दामाजीने स्वतःची समजूत घातली, संपलं. पण आषाढात पाणी परत वर चढलं, आणि पत्र्याच्या फटीतून तोच वास. टाकी रिकामी नव्हतीच. आणि आता जयेश येणार होता, पोरीच्या हातात दिवा देणार होता. खरं सांगितलं तर पोरगा कायमचा तुटणार. नाही सांगितलं तर...

ते घेऊन तो बुधवारी रात्री घरी आला. शेअर रिक्षा फाट्यावर सोडते, तिथून पुढे चालत. पाऊस थांबलेला, बेडकं ओरडत होती. गावात लाईट नव्हती. घर उघडलं, मेणबत्ती लावली, चहासाठी दूध तापत ठेवलं, आणि मधल्या खोलीत दिवे घासायला बसला. हात चालू होते. डोक्यात एकच, उद्या काय सबब सांगू. विहिरीत साप आहे म्हणू. कठडा खचलाय म्हणू. विचार करता करता खूप वेळ गेला.

तेवढ्यात नाकाखाली ऊन वाफ आली.

दुधाची. कोणी तरी पातेलं अगदी जवळ आणून धरावं, तशी. त्याचे डोळे हातातल्या समईवर होते. आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "नाय, चांगलं हाय."

मग त्याचे हात थांबले.

मान वर केली. समोर कोणी नाही. स्वयंपाकघरात पातेलं शेगडीवरच. शेगडी बंद. त्याने बंद केली नव्हती. मेणबत्ती घेऊन बघितलं, तर दूध फाटलेलं. आंबट वास सुटलेला.

चांगलं हाय म्हणाला होता तो.

तो परत येऊन पाटावर बसला. देवाचं नाव घ्यायला लागला, तर तेही आठवेना. बाहेरची बेडकं गप्प झाली होती. मेणबत्ती त्याने विझवली नाही... विझली. पाऊस नाही. वारा नाही.

अंधारात पावलं नाही वाजली. फक्त पाणी ठिबकत होतं. मागच्या दारापासून... मधल्या खोलीपर्यंत. टप. टप.

मग त्याच्या पायाच्या बोटांवर थेंब पडला. थंडगार.

आणि नाकाखाली तो वास आला.

थिनर. डोकं भणाणून सोडणारा. अगदी जवळ. त्याच्यामागे तांब्याचा वास, ओल्या दोराचा वास... आणि त्याच्याही मागे जळल्याचा. तो म्हणाला, "महिपत, हात पुढं केला असता तर कलशी हाताला लागली असती." त्याने हात पुढे नाही केला. त्याने नाक दाबून धरलं. तोंड दाबून धरलं.

ती थांबली होती. पेपर बाजूला ठेवेपर्यंत थांबायची ना, तशी.

"अवो..."

तो हलला नाही.

"वास येतो का?"

तो म्हणाला, मला तिची भीती नाही वाटली रे. आवाज रागाचा असता तर बरं झालं असतं. ती विचारत होती नुसतं. रोजच्यासारखं. मी सांगेन त्यावर विश्वास ठेवायला तयार.

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. आणि त्याच्या डोळ्यांपुढे चिमी आली. टाचा उंचावून. कठड्यावरून खाली बघताना.

"...येतो."

पाणी ठिबकायचं थांबलं.



"तवा पन येत होता?"

"येत होता."

"...म्हंजे माजा पदर नव्हता."

"नव्हता गं. शेवंते, नव्हता..."

तो जमिनीवर डोकं टेकून रडला. किती वेळ, त्याला माहीत नाही. परत काही विचारलं नाही कोणी. वास गेला. मग लांब, मागच्या अंगणात, एक बेडूक ओरडायला लागला.

त्याने अंधारातच जयेशला फोन लावला. टाकी, वास, आईला काय सांगितलं, पोलिसांना काय सांगितलं, सगळं बोलून टाकलं. म्हणाला, चिमीला विहिरीपाशी आणू नको.   जयेश एवढंच म्हणाला, "बाबा, आईने मरताना माझी माफी मागितली. पदरासाठी." आणि फोन ठेवला.

मला त्याने पहाटे फोन केला. मी कल्याणहून पहिली कसारा लोकल पकडली. पोचलो तेव्हा जयेश आलेला होता. एकटाच. अंगणात उभा, बापाकडे पाठ करून. विहीर मी स्वतः जाऊन बघितली. पत्रा जागच्या जागी, वर दगड, दगडांवर शेवाळ. पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, त्यात एक पाऊल उमटलेलं नाही.

मग आम्ही तिघं घरात गेलो. मधल्या खोलीत दामाजीने घासायला काढलेले दिवे तसेच पसरलेले, निम्मे घासलेले, निम्मे काळे. आणि देवापुढे कळशी होती.

तांब्याची. चिंचेने घासल्यासारखी लख्ख. एका बाजूला बुडाशी मात्र आगीचा काळा पट्टा, तो तसाच राहिलेला. गळ्यावर ठिपक्यांचं नाव. काठोकाठ भरलेली. वर्षभर विहिरीच्या तळाशी पडलेली कळशी. जयेश खाली बसला, त्या नावावरून बोट फिरवलं, आणि लहान पोरासारखा रडला. बापाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने काढला. हळूच काढला, झटकला नाही. पण काढला.

जयेशनेच मग तक्रार केली. सरकारी माणसं आली, मशीन आलं, टाकी वर काढली. बुडाला चाळण झालेली. खालची माती काळी, खोलपर्यंत. बाबुरावची केस चालू आहे, आणि दामाजीची पण, खोट्या जबाबाची. साहेब म्हणाले, ही विहीर कधी पिण्याजोगी होईल सांगता येत नाही, आजूबाजूच्या बोअरवेल पण तपासाव्या लागतील. जमिनीखालचं पाणी एकदा नासलं की आपण चूक कबूल केली म्हणून ते बरं होत नाही. जयेश बापाशी बोलत नाही. चिमीला आणत नाही. मी समजावून बघितलं. तो म्हणाला, "काका, मला राग नाय आलाय. मला त्यांच्यासमोर बसवत नाय." 

गेल्या महिन्यात मी गेलेलो दामाजीकडे. वाळलाय फार. त्या रात्रीपासून त्याला कसलाच वास येत नाही. डॉक्टर म्हणतात वयामुळे होतं, असेलही. भात करपला तरी कळत नाही. एकटाच असतो, विचारायचं कोणाला?

कळशी देवापुढेच आहे. अजून भरलेली. त्याने त्यात पाणी घातलेलं नाही, काढलेलं नाही, आणि ते थेंबभर कमी झालेलं नाही. मी उठायला लागलो तसा तो आत गेला, दोन्ही हातांनी कळशी उचलून घेऊन आला, आणि माझ्या नाकाखाली धरली.

"महिपत, वास येतो का रे?"

मी नीट वाकलो. नीट वास घेतला. शपथेवर सांगतो पोरांनो, त्या पाण्याला कसलाही वास नव्हता. स्वच्छ, गोड पाणी. मी म्हटलं, "नाही रे दामाजी. काही नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणणं किती सोपं असतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?  पाण्याचा थेंबही सांडू दिला नाही. त्याने कळशी पुन्हा माझ्या नाकाखाली धरली.